दारापर्यंतची वायर

२ ऑगस्ट
आले एकदाची! खोली कार्यशाळेच्या वरच, ऐसपैस, उजेडाची. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, बेचाळिसाव्या वर्षी नोकरी बदलणारी तूच. पण हृदयाला आधार देणाऱ्या पंपांचं काम पुन्हा कुठे मिळणार होतं?

माणसं मोकळी आहेत. वेल्डरला सगळे मामा म्हणतात. प्रत्येकाच्या खांद्याला एक छोटी पिशवी असते. डबा आहे का, असं विचारल्यावर मामा म्हणाले, ताई, आमचा जीव आहे त्यात, नजर लावू नका. सगळे खो खो हसले. मीही हसले.

५ ऑगस्ट
पंप मुठीत मावेल एवढा. आतलं पातं अखंड फिरतं आणि रक्त एकसारखं ढकलतं. ठोके नाहीत, त्यामुळे नाडीही लागत नाही.

इथली एक रीत मला आवडली. पंप मंजूर होण्याआधी तो घडवणाऱ्याने छातीवर हात ठेवून सर्वांसमोर सांगायचं, की हा मी स्वतःला बसवून घेईन. करणाऱ्याने जबाबदारी घ्यायलाच हवी.

साहेबांनी विचारलं, पंपाच्या चार्जिंगची वायर किती लांब ठेवू या? मी माझ्या खोलीत पलंगापासून दारापर्यंतचं अंतर मोजलं. तेवढी पुरे, जास्त असली तर कुणी अडखळायचं.

१४ ऑगस्ट
पात्याची वळणं बदलली. आता चाचणीत रक्तपेशी फुटत नाहीत. पंप मंजूर! मी ते वाक्य म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, नक्की ना? मी पुन्हा म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं का? हो. त्या क्षणी तरी हो.

१६ ऑगस्ट
मामा शिडीवरून घसरले. सावरताना त्यांचं मनगट माझ्या हातात आलं. नाडी नाही. आणि मामा माझ्या चेहऱ्याची थट्टा करत होते.

माझीच बोटं चुकली असतील. स्वतःची नाडी पाहिली, धडधडत होती. मग चहा देताना चाचणीवाल्या बाईंचं मनगट धरलं. तिथेही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, प्रत्येकाला स्वतःचाच पंप बसवलाय. आजारी कुणीच नव्हतं, हो. पिशवीतली बॅटरी फक्त या इमारतीत चार्ज होते.

१७ ऑगस्ट
सामान घेऊन निघाले, तर पहारेकरी म्हणतो, साहेबांना विचारून या. साहेब म्हणाले, शब्द दिलात ना, ताई? आवाजात राग नाही. फोन लागत नाही. वाक्य म्हणायला मला कुणी भाग पाडलं होतं का? नाही. हेच तर—

तारीख माहीत नाही
छातीला टाके. पोटातून वायर निघते, भिंतीत जाते. साहेब म्हणतात, पिशवी नंतर, रुळल्यावर.
दारापर्यंत गेले. बरोबर दारापर्यंत.

नंतर
उशीवर कान ठेवला की ठोका नाही. एक बारीक घरघर. पातं कडेला घासतंय. वळण चुकलं, माझंच. रक्तपेशी फुटत असणार— लघवी लाल—
मामांना सांगितलं. म्हणाले, बदलायला नवा पंप हवा, ताई. तो आखणारं नवीन डोकं येतंय उद्या. धीर धरा.

आज
खाली कुणी बाई आली आहे. पिशव्यांबद्दल विचारतेय. मामांचा तोच विनोद. हसतेय.
खिडकी उघडी आहे. हाक मारली तर ऐकू जाईल. पळेल ती.
मग माझा पंप कोण—
तिलाही कुणी धाकटी असेल. नाही, आवाज देतेच. आधी एवढंच विचारू दे, तिला पात्यांचं काम येतं का, म्हणजे—