सळई वरच्या अंगाला

कुपवाड,
दि. ९ फेब्रुवारी १९७५

तीर्थस्वरूप हरिबामामांस,

कृष्णातचा दंडवत. इकडं घरी सगळी खुशाल आहेत. मामींचा गुडघा कसा आहे? तिकडं माण तालुक्यात यंदा शाळू कितपत आला, तेही कळवावं. तुम्ही गेल्यापासून कारखान्याचं काम बरंच पुढं सरकलं. स्लॅब झाला, भिंती गिलाव्याला आल्या.

एक वाईट झालं. डिसेंबरात दारावरच्या छज्ज्याचे टेकू काढले आणि छज्जा खाली आला. आपल्या कामावरची चंद्राबाई पाटी घेऊन खालूनच चालली होती. तिच्या पायाचं हाड मोडलं. इंजिनियर साहेबांनी पाहिलं, तर छज्ज्यातली सळई खालच्या अंगाला. पाहिजे होती वरच्या. सळई बांधणाऱ्या भाऊसोला त्यांनी तिथंच कामावरून काढलं.

मामा, एवढंच लिहून पत्र टाकणार होतो. पण ते पुरं खरं नाही.

सळई खाली बांधायला मीच सांगितलं होतं. साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले होते, "मेन स्टील टेन्शनच्या बाजूला घ्या. समजलं ना?"

मी म्हणालो, "व्हय साहेब."

टेन्शन म्हणजे ताण, आणि छज्ज्यात तो वरच्या अंगाला येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नकाशाही उमगत नव्हता. पण मुकादम झालेलो, विचारायची लाज वाटली. भाऊसोनं विचारलं, "नक्की खालीच काय रं?" तर त्याच्यावरच खेकसलो, "स्लॅबात खालीच आसती न्हवं? मग बांध की!" आणि साहेब त्याला हाकलत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

तीन दिवस तसंच काम रेटलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. चंद्राबाई म्हणाली, "मुकादम, माजं हाड जुळंल. पर भाऊसोच्या पोरांनी काय खायाचं?"

तिथून उठलो तो थेट साहेबांकडं. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आपणही घरी. साहेबांनी पुढ्यातला नकाशा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "कृष्णात, 'समजलं ना' एवढंच मी विचारत आलो. काय समजलं, ते कधी विचारलं नाही."

भाऊसोला आणायला ते स्वतः माझ्याबरोबर त्याच्या गावी, बुधगावला आले. भाऊसो कामावर आला, पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तंबाखूची चंची पुढं केली.

आता रोज सकाळी साहेब त्या दिवसाचं काम खडूनं फरशीवर काढून दाखवतात आणि आम्ही आमच्या बोलीत ते परत सांगतो. परवा साहेबांचंच माप चुकलं, ते भाऊसोनं धरलं. सगळे हसले, साहेबसुद्धा. चंद्राबाई काठी टेकत चालायला लागली आहे.

मामा, थापी धरायला तुम्ही मला शिकवलंत. तुम्ही साहेबांना एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारायचा, तेव्हा एकदा चारचौघांत मी म्हणालो, "कळत न्हाई तर गप बसा, माजी लाज काढू नका." त्याच दिवशी तुम्ही पिशवी उचलून दहिवडीच्या एस.टी.त बसलात. मी थांबा म्हणालो नाही. मला माफ करा.

वीस तारखेला नव्या छज्ज्याचं काँक्रीट भरायचं आहे. साहेब म्हणाले, तुझ्या मामांना बोलावून घे. मीही म्हणतो, या. मन होत नसेल तर चार शिव्या लिहून पाठवा. पण काहीतरी लिहा.

तुमच्या हाताखाली अजून शिकायचं राहिलेला,
कृष्णात