हौसाच्या नावापुढे

शहापूर, वैशाख, सन १९४५

प्रिय देवरामदादा,

तुझं पत्र पोचलं. माझ्या मैत्रिणीची, हौसाची नोंद तू मयतवहीत 'पाणी शेंदताना पाय घसरला' अशी केलीस आणि गावाची अब्रू राखलीस, असं वर लिहितोस! पोलीस पाटील झालास म्हणून डोळे मिटलेस का रे? हौसा नि मी त्याच विहिरीवर वाढलो. भर पावसात, शेवाळलेल्या काठावर उभी राहून ती हंडा शेंदायची. तिचा पाय घसरेल होय?

नवरा वारला तशी दिरानं तिची चूल वेगळी केली. सरकारच्या कागदावर मात्र चूल एकच, रेशनचं कार्ड दिराच्या नावावर. तिच्या वाटणीचे तांदूळ तोच आणायचा नि तोच खायचा. चारदा ती मुरबाडच्या कचेरीत पायी गेली. कारकून म्हणे, बाईच्या नावावर कार्ड निघत नाही, घरचा पुरुष आण. म्हसा गावच्या जत्रेत भेटली तेव्हा मला म्हणाली, पुरुष काय जत्रेत इकत मिलतो का गो? आमी जगावं का नाय? मी हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

तुझ्या वहीत दोन वर्षांत अशा तिघींचे पाय घसरले. तिघीही विधवा नाहीतर टाकलेल्या. आणि तुमच्या वह्या बघून मामलेदार वर कळवतात, धान्यापायी कुणी जीव दिला नाही, नियम ठीक चाललाय. जीव देताना सापडलं तर तुरुंग, जगायला दाणे मागितले तर पुरुष आण. जळो तो नियम!

आता तुला न सांगितलेलं सांगते. तुझे मेहुणे दिवाळीपासून कसाऱ्याला दुसरं घर करून आहेत. कार्ड तिकडेच. पोरीला नि मला पेज मिळते ती शेजारच्या लहानीच्या जिवावर. गेल्या बुधवारी मीही इथल्या विहिरीवर गेले होते, हंडा न घेता. काठावर तुझं वळणदार अक्षर डोळ्यांपुढे आलं, माझंही नाव इथला पाटील तसंच लिहिणार. असा संताप आला दादा, की तशीच मागे फिरले. सोमवारी लहानी नि आणखी पाच जणींना घेऊन इथल्या कचेरीत बसणार आहे, माझ्या नावाचं कार्ड हातात पडेपर्यंत उठणार नाही. तू ये. पाटील म्हणूनच ये, आणि हौसा का मेली ते साहेबासमोर स्वतःच्या तोंडानं सांग. नाही आलास तर यंदा भाऊबीजेला मी ओवाळायला येणार नाही. जिवंत असेन, पण येणार नाही.

तुझीच हट्टी
राही