तहान हा शब्द

आबा, मागच्या महिन्यात भर वर्गात तुमची आठवण निघाली. निघाली म्हणजे माझ्या एकटीच्या मनात. बारामतीच्या नर्सिंग कॉलेजात मी आता शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा स्वतःच शिकत होते. आरोग्यावरचे संशोधनाचे लेख लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर कसे शोधायचे, ते शेवटच्या वर्षाच्या मुलींना दाखवायचं काम माझ्याकडं आहे. जगभरचे लेख त्या डेटाबेसमध्ये असतात, पण आपण जे शब्द टाकू तेवढ्यापुरतंच तो पुढं करतो. म्हणून आधी प्रश्न नीट मांडा, मग शब्द निवडा, असं सांगत होते, तर सुप्याची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, माझ्या आजीला अर्धांगवायू झालाय. गिळता येत न्हाय म्हणून पाणी बंद केलंय. ती सारखी पाणी मागती. ह्याच्यावर काय सापडंल का?"

तिचं ऐकता ऐकता मला कळस गावातलं आपलं घर दिसायला लागलं. तुमचं डावं अंग गेलंय. स्वयंपाकघराच्या दाराशी खाट टाकलीय. पाणी पाजलं की तुम्हाला ठसका लागतो. ते छातीत उतरेल, पातळ काही देऊ नका, असं दवाखान्यात बजावलेलं. मी, तुमची लेक, सुट्टी काढून आलेली, घरातली पहिली नर्स होऊ घातलेली. तांब्या तुमच्या हाताला लागणार नाही असा ठेवते आणि घट्ट पेज चमच्यानं भरवते. आई मागं उभी राहून म्हणते, "अगं, मराया टेकलेल्या माणसाच्या बी तोंडात पाणी घालत्यात. आन् ह्यांना तू खळ चारतीस व्हय?" मी तिच्यावर ओरडते. तुम्ही जड जिभेनं म्हणता, "घोटभर दे की गं." मी नाही म्हणते. "डाक्टरचा नेम हाय का?" "व्हय, आबा." "मग ऱ्हाऊ दे." जन्मभर पाटकरी म्हणून तुम्ही कालव्याचं पाणी ज्याच्या-त्याच्या पाळीनं सोडलंत, सख्ख्या भावालाही पाळीआधी दिलं नाहीत. नेम म्हटल्यावर तुम्ही पुन्हा मागितलं नाहीत. नुसती ओठांवरून जीभ फिरवत राहिलात. तसेच गेलात.

नंतर नोकरीत असताना, मग शिकवायला लागल्यावर, हा विषय मी कितीदा तरी शोधला. अर्धांगवायू, गिळणं, ठसका, न्यूमोनिया. जे लेख यायचे ते वाचून वाटायचं, आपण केलं ते बरोबरच होतं. त्या मुलीलाही मी तेच शब्द सांगितले. तिनं ते इंग्रजीत टाकले, जरा थांबली, आणि आपल्या मनानं आणखी एक शब्द जोडला. तहान. पडद्यावर वेगळेच लेख आले. गिळणं तपासून, तोंड स्वच्छ करून, ताठ बसवून काही रुग्णांना साध्या पाण्याचे घोट देता येतील का, याची चर्चा करणारे. कुणी देता येतात म्हणत होतं, कुणी पुरावा पुरेसा नाही म्हणत होतं. मी तिला म्हणाले, "हे वाचून घरी पाणी पाजायचं नाही. आजीला डॉक्टरांकडं ने, गिळणं पुन्हा तपासून घे, मग ते सांगतील तसं." बोलणं जरा तुटकच झालं असावं. ती नुसतं "व्हय मॅडम" म्हणाली.

तुमचा झटका मोठा होता. त्या एका घोटानं तुम्ही कदाचित आणखी लवकर गेला असता, हे मला नर्स म्हणून कळतं. पण पुन्हा एकदा डॉक्टरांना विचारता आलं असतं. निदान ओल्या फडक्यानं ओठ पुसता आले असते, त्याला तर कुणी मनाई केली नव्हती. मला तेवढंसुद्धा सुचलं नाही. नियम पाळण्यातच मी इतकी गुंतले होते, की तुमच्या तोंडाकडं मी बघितलंच नाही.

काल ती मुलगी धावत आली. तपासणी झाली होती, बसवून थोडं थोडं पाणी द्यायला परवानगी मिळाली होती. "मॅडम, आजी पाणी प्याली! आदी रडली, मग हसाया लागली." मी तिच्या पाठीवर हात ठेवून शाबास म्हणाले.

आई अजून कळसलाच असते. हा कागद मी तिलाही दाखवणार नाही. शाबास म्हणाले खरी, पण आबा, त्या घटकेला मला आनंद झाला नव्हता. मला त्या पोरीचा हेवा वाटला होता.