जिन्यातल्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, दोन मुलांची आई व नातवंडांची आजी, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. कोणाच्या धाकाने नाही, धाकट्याच्याही नाही. शाळा दुसरीपर्यंत झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ वकीलसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

एक. शिवणयंत्र धाकट्याला. सुईत दोरा त्याला ओवता येत नाही, पण "आई, काही लागलं तर कळव" एवढा एकच टाका तो वर्षानुवर्षं सुबक घालतो.

दोन. स्टीलचे डबे थोरल्या सूनबाईला. काही तिने आधीच नेलेत, त्यालाही माझी संमती होती असं आता समजावं.

तीन. खुर्ची. खरी इस्टेट हीच. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून ह्यांची हाताची खुर्ची मी जिन्याच्या वळणावर ठेवली. गॅसवाला बसतो, पिशव्या घेऊन चढणारं कोणीही बसतं. बसणाऱ्याला मी नाव विचारत नाही, पाणी विचारते. थोरला भेटीला आला की चिडायचा, "आई, लोक काय म्हणतील?"

"लोक 'हुश्श' म्हणतात, बाळा."

मागे मी जिन्यातच चक्कर येऊन पडले. गॅसवाला सिलिंडर टाकून धावला. चुकून आमच्या इमारतीत शिरलेला एक माणूसही धावला. दोघांनी मला त्याच खुर्चीत बसवून, महाराणीसारखं उचलून खाली नेलं. थोरला मीटिंगमध्ये होता. संध्याकाळी दवाखान्यात येऊन म्हणाला, "अनोळखी माणसांनी उचललं तुला?"

"ओळखीचं कोणी मोकळं नव्हतं ना रे."

मग त्याने खुर्चीवर पाटी लावली. मी अक्षर अक्षर लावून वाचलं: "इथे बसून ये." काय आनंद झाला म्हणून सांगू! पोरगा सुधारला. फक्त "या" हवं होतं. परक्या माणसाला एकेरी बरं दिसत नाही. वरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आजी, ते 'बसू नये' आहे हो."

"तुम्ही भलतीकडे तोडलंत, बाई."

थोरला म्हणतो, मी मुद्दाम करते. दुसरी शिकलेल्या बाईला कुठलं जमतंय मुद्दाम!

चार. घर दोन्ही मुलांना समसमान, पण खुर्ची आणि पाटी जागेवर असेतोवरच. खुर्ची हलली की घर गॅसवाल्याचं. पाटीचा अर्थ मी वाचला तोच धरावा.

थोरले चिरंजीव, हे ऐकून तुम्ही तरातरा जिना चढाल. दम लागेल. आधी इथे बसून या. "या" का, ते वर लिहिलंच आहे. खुर्ची राहू दिलीस, तर मात्र पाटीवरचं "ये" तुझ्याचसाठी होतं असं समज.

सही: आजी (अक्षर वाकडं, हात माझाच)
साक्षीदार: गॅसवाला. घराचं कलम झाकून सही घेतली, नाहीतर पळाला असता.
साक्षीदार: वरच्या मास्तरीणबाई. आता नीट वाचतात.
स्थळ: जिन्याचं वळण, आळीपाळीने खुर्चीत बसून
तारीख: आजची; आकडा वकीलसाहेब घालतील