कॅराव्हॅनची सावली

कळंब, रविवार संध्याकाळ

कॅराव्हॅनच्या शेडवर आज पत्रे बसले. वर्षातनं एकदा फिरायला काढायची गाडी, तिचा रंग उन्हानं जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप. दुपारी बघतो तर शेडची सावली शेजारच्या शमाभाभींच्या अंगणात, नेमकी शेवया वाळत घातलेल्या बाजेवर. त्या बाज उन्हाकडं ओढत होत्या.

"भाभी, आधी विचारायला पायजे होतं."

"असू द्या भाऊ. आमी तिकडं वाळवतो."

तिकडं म्हणजे रस्त्याकडेला, उसाच्या ट्रॅक्टरच्या धुळीत. शेड चार हात अलीकडं घेता आलं नसतं का? जागा होती की.

संध्याकाळी त्यांचा डबा आला. दरवर्षीसारख्या पहिल्या शेवया आमच्याकडं. बायकोनं लगेच खीर केली. दाताखाली कचकच लागली.

"खडा लागला का?" तिनं विचारलं.

न्हाय म्हणालो, आणि वाटी संपवली.