फैलक्यावरची वांगी

मी, हमीद दाऊद होडेकर, वय ५९, मूळ गाव हर्णै, हल्ली मुक्काम फैलका बेट, कुवेत, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. काल दुपारपर्यंत तरी होतं.

भाड्याच्या जागेवर पाहुणे उतरवायला सहा खोल्या बांधल्या, तोच आमचा धंदा. मूलबाळ नाही. शरियतीप्रमाणे माझ्यामागे चौथा हिस्सा बायको कुबराचा, बाकी धाकटा भाऊ अशरफचा. अशरफला होईल तितकं कमी मिळावं, म्हणूनच हा कागद करायला घेतला होता. अठ्ठावन्न साली तो म्हणाला, "भाई, पाहुणे काय कायमचे? खोल्या पुरे झाल्या, आता भाजी लावू." मी त्याला घराबाहेर काढलं. या वाळूत मीठ सोडून काही पिकत नाही, हे मी सहा वर्षं उतरायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आलो.

पुढे पाहुणे आटले. पुढच्या महिन्यात जागा सोडतो, असं मालक यूसुफ यांना सांगूनही झालं.

काल जेवताना मनात आलं, वाऱ्यामुळे तीन आठवडे भाजी आणणारी लाँच नाही. मग ताटात वांगी आली कुठून? कुबरा म्हणाली, "चला, दाखवते." न्हाणीघरांच्या मागे, जिथे मी कधी फिरकलो नाही, अठरा वाफे! वांगी, कांदा, मेथी. सगळं पाहुण्यांच्या नमाजाआधीच्या वुजूच्या आणि अंघोळीच्या पाण्यावर. बी अशरफने पाठवलेलं, औषधाच्या डब्यांतून. अरे, सहा वर्षं! "मला सांगितलं का नाहीस?" तर म्हणते, "तुम्ही उपटली असतीत."

या अल्ला, खरंच उपटली असती. मी तिथेच बसून वाफे पुन्हा मोजले.

सबब, जागा सोडण्याचा शब्द मागे घेतो. जागेचा करार यापुढे कुबराच्या नावे. यूसुफ यांनी मान्य केलं आहे.

सहाही खोल्या पाडाव्यात. दारं नि चटया वाफ्यांना वाऱ्याचा आडोसा म्हणून लावाव्यात. न्हाणीघरं राहू द्यावीत. आता पाहुणे नसणार, तेव्हा घरच्यांनी रोज न्हावं. विहिरीचं पाणी आधी भाजीला.

अशरफचा हिस्सा अशरफला. त्याच्यावरचा राग मरेपर्यंत पुरवायचा विचार होता, तो सोडला. माझा मोठा पाना मात्र त्याने परत करावा.

वाफे कुणालाच लिहून देत नाही. ते कुबराचे आहेत, माझे कधीच नव्हते.

माझी कबर समुद्राकडच्या खाऱ्या बाजूला खणावी. चांगली जमीन माझ्यापायी अडवू नये.

सही: हमीद दाऊद होडेकर

साक्षीदार:
१. यूसुफ, जागेचे मालक (मजकूर हिंदीत समजावून सांगितला)
२. जाफर, लाँचचा तांडेल (वाऱ्यामुळे बेटावरच अडकलेला)

फैलका बेट, ता. ९ मार्च १९६४