परीक्षणाची प्रत

९ ऑगस्ट, शनिवार दुपार

प्रिय खारूताई,

आशीर्वाद द्यायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही, ठाऊक नाही. म्हणून नुसती खुशाली विचारतो. तू बरी असशील. इकडे सर्व ठीक.

कागद बघून दचकू नकोस. फोनवर, मेलवर, जिथे म्हणून एक माणूस दुसऱ्याला गाठू शकतो तिथे सगळीकडे तू मला ब्लॉक केलं आहेस. टपाल ब्लॉक करायची सोय अजून कुणी काढलेली नाही. काढतील. आणि तीही भिकारच असेल.

तर इकडची बातमी म्हणजे खरेदी. दुसरं काय असणार? गेल्या सहा महिन्यांत चार वस्तू घेतल्या आणि चारही वस्तूंनी माझी अक्कल काढली. पहिलं घड्याळ. हे मनगटावर बसून माझी काळजी करतं. परवा एका विम्याच्या ऑफिसात मी कॉपी मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडकलेला कागद उपसत होतो, बोटं शाईने काळी झालेली, आणि हे थरथरून म्हणतं काय, ‘बराच वेळ बसला आहात. उभे राहा, छान वाटेल!’ तिथली बाई म्हणाली, ‘तुमच्या घड्याळाला कळतं, आमच्या साहेबांना कळत नाही.’ मी म्हटलं, ‘बाई, तुमच्या साहेबांना निदान रोज चार्ज तरी करावं लागत नाही.’

मग कानात घालायचे हेडफोन. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करतात. खरंच करतात, हे मी नाइलाजाने कबूल करतो. पण घरात ते वापरता येत नाहीत. घरात मला आवाज यावा लागतो.

तिसरा तो केर काढणारा चपटा यंत्रमानव. त्याच्या खोक्यावर ‘घराचा नकाशा स्वतः शिकतो’ असं लिहिलं आहे. नाचता येईना अंगण वाकडं, तसा हा रोज नवा नकाशा शिकतो आणि रोज बाबांच्या चार पायांच्या काठीला जाऊन धडकतो. बाबा त्याला डाव्या पायाने ढकलतात. उजवा अजून उचलत नाही.

आणि तो मोठा गेम. ज्याची सगळी दुनिया सात वर्षं वाट बघत होती, तोच. बडा घर, पोकळ वासा! घोड्याच्या आयाळीतला केस न् केस वेगळा हलतो, पण त्या घोड्यावर बसलेल्या माणसाला बोलायला एक धड वाक्य दिलेलं नाही. भेटेल तो म्हणतो, ‘तू निवडलेला आहेस.’ अरे, पण कुणी निवडला, कशासाठी? साठ तास खेळलो. शेवटी एक दार उघडतं आणि आत आणखी एक घोडा. मी ब्लॉगवर लिहिलं, ‘सात वर्षांत एवढ्या माणसांनी मिळून तबेला बांधला.’ लोकांना फार आवडलं. माझं लोकांना आवडतं ते असंच काहीतरी असतं.

हा गेम मी शेवटपर्यंत खेळलो. हे मुद्दाम लिहितो आहे.

बाबांबद्दल लिहायला हवं. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलमध्ये तू चार दिवस होतीस, माझ्याशी एक अक्षर न बोलता. त्यानंतरचं तुला मावशींकडून थोडंफार कळत असेल. मावशी म्हणजे रोज दिवसभर बाबांकडे बघायला येतात त्या. त्या तुझे फोन घेतात हे मला माहीत आहे. घेऊ देत. पण फोनवर बाबांचं काय कळणार? त्यांच्याकडे एकच शब्द उरला आहे. ‘नको.’ जेवायला? नको. फिरायला? नको. बरं वाटतंय का? नको. वाचा शिकवायला येतात त्या बाई म्हणतात, ‘शब्द आत आहेत, त्यांना बाहेरची वाट सापडत नाही.’ मला वाटतं, आपल्या बाबांना तोच एक शब्द सगळ्यात जवळचा होता म्हणून तो हाताशी राहिला. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये राबलेला हा माणूस कशाला चांगलं म्हणाल्याचं तुला आठवतं? फार खूश झाले तर ‘चालेल’. मी पहिला रेडिओ जुळवला तेव्हा ‘चालेल’. तू इंजिनिअर झालीस तेव्हा ‘चालेल’. मी त्यांचाच मुलगा. ते तोंडाने जे करत आले, ते मी ब्लॉगवर केलं.

मार्चमध्ये त्या वाचावाल्या बाईंनीच सांगितलं, डाव्या हाताला काहीतरी काम द्या. मी गेम खेळायच्या माझ्या जुन्या मशीनवर दहा-बारा सोपे गेम लावून दिले. फळं फोडायची, फुगे उडवायचे. बाबा एकेकाला ‘नको’ म्हणत गेले. मग यादीत खाली गेलो आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बाकीचं सगळं काढून टाकलं होतं मी, तो तेवढा राहून गेला होता.

तू बनवलेला ‘जोडणी’.

पडद्यावर तो टेलिफोनचा जुना स्विचबोर्ड आला आणि बाबा ताठ बसले. दिवा लागला, त्यांनी वायर उचलली, खोचली. दुसरा दिवा. दुसरी वायर. बाई गं, ज्या डाव्या हाताला अजून चमचा नीट धरता येत नाही तो हात चुकत नव्हता! मावशी म्हणाल्या, ‘दादा, हे तर कामावर गेले.’ खरंच गेले होते. रोज दहा वाजता जायचे, एकला परत यायचे. एप्रिल, मे, जून, जुलै.

आता ते लिहितो, ज्यासाठी कागद घेतला.

दोन वर्षांपूर्वी मी ब्लॉगवर ‘राँग नंबर’ या मथळ्याखाली ‘जोडणी’चं परीक्षण लिहिलं. ‘कंटाळ्याची एक वायर दुसऱ्या कंटाळ्याला जोडण्याचा खेळ’ असं म्हटलं. ‘आवाजांत जीव नाही’ असंही म्हटलं. गेम तुझा आहे हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच जरा जास्त लिहिलं, म्हणजे भावाने बहिणीची भलामण केली असं कुणी म्हणायला नको. तू फोन करून एवढंच विचारलंस, ‘दादा, तू पूर्ण खेळलास?’ मी म्हटलं, ‘पूर्ण. दोनदा.’ तू म्हणालीस, ‘दोनदा?’ आणि फोन ठेवलास. मला वाटलं, टीका सहन होत नाही पोरीला.

मी चाळीस मिनिटं खेळलो होतो. जेवता जेवता.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी बाबांच्या शेजारी पेपर वाचत होतो. ते गेममधल्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पाळीपर्यंत पोचले होते. दिवा लागला, त्यांनी वायर खोचली, आणि आईचा आवाज आला.

‘हॅलो, अहो, मीच बोलतेय. कामात आहात का? बरं, सावकाश. मी थांबते लाइनवर.’

पेपर माझ्या हातातच राहिला. तू ते कधी रेकॉर्ड केलंस? मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, म्हणजे स्वयंपाकघरात केलं असणार, तिच्या शेवटच्या आजारपणाआधी. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तू सांगणार नव्हतीसच, मी खेळता खेळता तिथे पोचेन आणि मला ती भेटेल म्हणून. आणि मी तुला सांगितलं की मी तिथे दोनदा जाऊन आलो, आणि आवाजांत जीव नाही.

बाबांनी तो फोन जोडला नाही. फोन पुढे जोडायची दुसरी वायर हातात घेऊन तसेच बसले. इतर कुणाचा फोन जोडला नाही तर दीड मिनिटात तो माणूस वैतागून ठेवून देतो, हे मला माहीत होतं. मला वाटलं, आता आईही ठेवेल. मी ते घड्याळ लावून मोजलं. सत्तेचाळीस मिनिटं झाली तरी तिने ठेवला नाही. मध्येच म्हणायची, ‘आहे हं मी.’ मध्येच नुसती खोकायची. अकरा वेगवेगळी वाक्यं आहेत, मग पुन्हा पहिलं. एकला मावशींनी जेवायला हाक मारली तेव्हा बाबांनी वायर खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून रोज तेच. आधी बाकीच्यांची कामं उरकायची, मग तिला लाइनवर ठेवून बसायचं.

तिच्या फोनला तू वेळेची मर्यादाच घातली नाहीस. हे जिला सुचलं तिच्या गेमला मी राँग नंबर म्हटलं.

आणि खरी चौथी वस्तू, गेम नव्हे. तिचं वर लिहायचं मी टाळलं. मागच्या शनिवारी नवीन मशीन आणलं. जुनं द्या, नवं घ्या. गरज काही नव्हती. त्या घोड्याची आयाळ जुन्यावर नीट दिसत नव्हती, म्हणून. जुनं मशीन दुकानदाराने माझ्यासमोर पुसून साफ केलं आणि मी सही केली. घरी येऊन बघतो तर ‘जोडणी’ परत उतरवता येत नाही. ऑनलाइन दुकानांतून तू तो मेमध्येच काढून घेतलास, आणि माझी प्रत विकतची नव्हतीच, परीक्षणासाठी फुकट मिळालेली होती. आठ दिवस मी जंग जंग पछाडलं. ज्या लोकांना मी ब्लॉगवर अडाणी म्हणत आलो, त्या सगळ्यांपुढे हात पसरले. कुणाकडे नाही.

बाबा रोज दहा वाजता येऊन बसतात. मी फळं फोडायचा गेम लावतो. ‘नको.’ आज त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून ‘नको’ म्हणाले, तो ‘नको’ वेगळा होता. म्हणून हे पत्र.

ब्लॉगवरचं परीक्षण काढलं नाही. काढलं तर सोपं झालं असतं. त्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की हा माणूस चाळीस मिनिटं खेळला आणि खोटं बोलला. लोक खाली हवं ते लिहीत आहेत. बरंच चांगलं लिहितात, मीच शिकवलेलं आहे.

मला माफ कर असं म्हणत नाही. माझ्याशी बोलूही नकोस. फक्त बाबांसाठी गेम पाठव, जसा असेल तसा.

दादा

•

३० ऑगस्ट, शनिवार

प्रिय खारूताई,

गुरुवारी मी कामावरून आलो तर दारातच मावशी उभ्या. म्हणाल्या, ‘ताई येऊन गेल्या. चार तास होत्या.’ मी आत धावलो, तर नव्या मशीनवर स्विचबोर्ड, आणि बाबा वायर हातात घेऊन बसलेले. आई म्हणत होती, ‘आहे हं मी.’

मग मावशींना समोर बसवून मी सगळं दोनदा वदवून घेतलं. तू आलीस, बाबांनी तुला बघितलं आणि ‘नको’ म्हणत तुझा हात सोडेचनात. तू रडलीस आणि मग मशीन जोडणाऱ्याला शिव्या घातल्यास, कारण मागच्या वायरींचा नुसता गुंता होता. (ते खरं आहे.) दोन तास तू काहीतरी टाइप करत होतीस. नव्या मशीनवर तो चालेना, म्हणून तू तिथेच बसून तो दुरुस्त केलास. आठ दिवसांत मला जे जमलं नाही ते दोन तासांत. जाताना तू मावशींना विचारलंस, ‘दादा अजून सगळ्याला नावं ठेवतो का?’ त्यांनी काय उत्तर दिलं ते त्या मला सांगायला तयार नाहीत. ‘ते आमच्या दोघींचं,’ म्हणतात.

मी काल सुट्टी घेतली आणि पहिल्या दिव्यापासून खेळायला बसलो. बाबा शेजारी. मी वायर चुकीची लावली की माझ्या मनगटावर चापट मारायचे. संध्याकाळपर्यंत शेवटच्या पाळीला पोचलो. आईचा फोन आला तेव्हा मी बाबांकडे बघितलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली, मग मीही जोडला नाही. म्हणजे शेवट मला अजून माहीत नाही. तिचा फोन जोडल्यावर पुढे काय होतं, ते या घरात कुणीच बघितलेलं नाही आणि बाबा असेतो बघणारही नाही. तेव्हा गेम मी पूर्ण खेळलो असं याही वेळी म्हणता येणार नाही.

उणिवा आहेत. तिसऱ्या पाळीतल्या बँकवाल्याचा आवाज अगदी खोटा आहे, कुणी दिला? आणि दिव्यांचा पिवळा रंग जरा जास्तच पिवळा. बाकी गेम चांगला आहे. फार चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

मावशी सांगतात, तू सगळं सोडून कुठल्याशा कंपनीत पगारपत्रकाचे प्रोग्रॅम लिहितेस. तुझा निर्णय. मला मत द्यायचा अधिकार नाही, आणि पहिल्यांदाच आयुष्यात मी मत देत नाही. नुसतं वाईट वाटलं, एवढं कळवतो.

बाबांना दर गुरुवारी व्यायाम शिकवायला माणूस येतो, त्यामुळे दुपारी ते दमलेले असतात. मंगळवार बरा. मंगळवारी मला लांबच्या ऑफिसांत जावं लागतं, मी सहाच्या आत घरी येत नाही. तू नऊला आलीस तरी दिवसभर घर तुमच्या दोघांचं असेल.

पण सहा वाजल्यावर निघायलाच हवं असंही काही नाही.

वाट बघणारा,
दादा